जगाचे दुखणे चौकोनांत : ‘जीबीडी कम्पेअर’ या संकेतस्थळाचे परीक्षण

वर्तमानपत्रातील निधनवार्तांचा रकाना नियमाने वाचणाऱ्या मराठी वाचकाला तीन शब्दप्रयोग तोंडपाठ असतात : ‘वृद्धापकाळाने’, ‘अल्पशा आजाराने’ आणि ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने’. माणूस कशाने गेला या प्रश्नाला समाजाने ठरवलेली ही सभ्य उत्तरे आहेत आणि शोकाच्या घरी याहून खोलात शिरण्याची रीतही नाही. परंतु हाच प्रश्न एखाद्या राज्याविषयी, देशाविषयी किंवा सगळ्या जगाविषयी विचारायचा झाला आणि त्याच्या उत्तरावरून औषधांची खरेदी, डॉक्टरांच्या नेमणुका आणि अंदाजपत्रकातील तरतुदी ठरवायच्या झाल्या, तर ‘अल्पशा आजाराने’ एवढ्यावर भागत नाही. या प्रश्नाचे आज उपलब्ध असलेले सर्वांत विस्तृत उत्तर ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ म्हणजे जागतिक रोगभार अभ्यासात मिळते आणि ते सर्वसामान्यांसमोर चित्ररूपाने मांडणारे संकेतस्थळ म्हणजे ‘जीबीडी कम्पेअर’. अमेरिकेतील सिएटल येथे वॉशिंग्टन विद्यापीठात २००७ साली स्थापन झालेली ‘इन्स्टिट्यूट फॉर हेल्थ मेट्रिक्स अँड इव्हॅल्युएशन’ (आयएचएमई) ही संस्था ते चालवते. सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्राचा भाग शिकवताना मी हे साधन गेली काही वर्षे सातत्याने वापरत आले आहे. ते कोणी, कशासाठी आणि किती विश्वासाने वापरावे, एवढ्यापुरते हे परीक्षण आहे.

संकेतस्थळ उघडले की पडदा लहानमोठ्या रंगीत चौकोनांनी भरून जातो. निळे चौकोन हृदयविकार, कर्करोग, मधुमेह, मानसिक आजार अशा असंसर्गजन्य विकारांचे. लाल चौकोन संसर्गजन्य रोग, बाळंतपणातील व नवजात बालकांचे आजार आणि कुपोषण यांचे. हिरवे चौकोन अपघात, आत्महत्या, हिंसा, सर्पदंश अशा इजांचे. ज्या आजाराचा भार, म्हणजे त्याने घेतलेले बळी आणि दिलेला त्रास, जास्त त्याचा चौकोन मोठा. रंगाच्या छटेवरून तो आजार वाढतो आहे की घटतो आहे हे कळते. बाजूच्या पट्टीतून देश, वर्ष, वयोगट आणि लिंग निवडता येते. भारत निवडून १९९० पासून वर्षाचा दट्ट्या हळूहळू पुढे सरकवला की लाल रंग आकसत जातो आणि निळा पसरत जातो. वर्गात प्रोजेक्टरवर हे दृश्य दाखवले की मागच्या बाकांवरची कुजबुजसुद्धा थांबते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. पाठ्यपुस्तकात ‘रोगसंक्रमण’ (म्हणजे समाजाची एका प्रकारच्या रोगांकडून दुसऱ्या प्रकारच्या रोगांकडे होणारी वाटचाल) या मथळ्याखाली चार पाने वाचून जे डोक्यात शिरत नाही, ते येथे अर्ध्या मिनिटात दिसते.

त्या दृश्यामागचे आकडेही तितकेच बोलके आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडिया आणि आयएचएमई यांनी मिळून राज्यनिहाय रोगभाराचा अभ्यास केला आणि १४ नोव्हेंबर २०१७ रोजी तो प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९९० मध्ये देशाच्या एकूण रोगभारात संसर्गजन्य रोग, माता-बालकांचे आजार आणि कुपोषण यांचा वाटा ६१ टक्के होता. २०१६ मध्ये तो ३३ टक्क्यांवर आला. याच काळात असंसर्गजन्य विकारांचा वाटा ३० टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर गेला. स्त्रियांचे आयुर्मान ५९.७ वर्षांवरून ७०.३ वर्षे, तर पुरुषांचे ५८.३ वर्षांवरून ६६.९ वर्षे झाले. राज्यांची विभागणी या संक्रमणाच्या पायऱ्यांनुसार केली होती आणि त्यात गोवा केरळ-तमिळनाडूबरोबर सर्वांत वरच्या पायरीवर होता, तर महाराष्ट्र त्याखालच्या पायरीवर. राज्यांसाठीची चित्रे पाहण्याची स्वतंत्र सोय तेव्हापासून झाली. महाराष्ट्रात जिल्हा पातळीवर काम करणाऱ्याला मात्र येथे फारसे काही हाती लागत नाही, कारण राज्याच्या खाली हे साधन उतरत नाही. गडचिरोली आणि पुणे एकाच चौकोनात नांदतात.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात सांगते. अव्यावसायिक वापरासाठी हे सगळे विनामूल्य आहे. चित्रे पाहण्यासाठी नावनोंदणी लागत नाही. मूळ आकडे तक्त्याच्या रूपात उतरवून घ्यायचे असतील, तर ‘जीबीडी रिझल्ट्स’ या जोडसाधनात खाते उघडावे लागते. मराठी आवृत्ती नाही. मोबाईलवर लहान चौकोनांतील नावे वाचता येत नाहीत, त्यामुळे संगणकाचा किंवा निदान टॅबचा पडदा हवा. पर्यायांची संख्या सुरुवातीला गोंधळात टाकते. एकच आजार मृत्यू, रुग्णसंख्या, नवे रुग्ण, गमावलेली वर्षे अशा अनेक मापांनी आणि प्रत्येक माप एकूण संख्या, दर किंवा टक्केवारी अशा तीन रीतींनी पाहता येते. पहिल्यांदा बसणाऱ्याने तासभर केवळ बटणे दाबून पाहण्यासाठी ठेवावा.

यातले मध्यवर्ती माप म्हणजे ‘डॅली’ (डिसॅबिलिटी-ॲडजस्टेड लाइफ इयर). ते नीट समजल्याशिवाय चौकोनांकडे पाहणे म्हणजे एकक न वाचता थर्मामीटर वाचण्यासारखे आहे, म्हणून येथे थोडे रेंगाळते. एखादी व्यक्ती अपेक्षित आयुष्याच्या आधी मरण पावली, तर जितकी वर्षे आधी गेली तितकी वर्षे गमावली असे धरतात. ही झाली पहिली बेरीज. आजार किंवा अपंगत्व घेऊन जगलेल्या वर्षांना त्या आजाराच्या तीव्रतेने गुणून येते ती दुसरी. दोन्ही मिळवल्या की डॅली. कल्पना साधी आहे. पण तिच्या पोटात काही निर्णय दडलेले आहेत आणि ते निर्णय वेळोवेळी बदललेले आहेत. १९९०च्या दशकात ख्रिस्तोफर मरे आणि ॲलन लोपेझ यांनी जागतिक बँक व जागतिक आरोग्य संघटना यांच्यासाठी हे माप प्रथम वापरले, तेव्हा अपेक्षित आयुष्य स्त्रियांसाठी ८२.५ आणि पुरुषांसाठी ८० वर्षे धरले होते. पंचविशीच्या आसपासचे वर्ष तान्हेपणीच्या किंवा म्हातारपणीच्या वर्षापेक्षा अधिक मोलाचे मानले होते आणि भविष्यातील वर्षांना दरसाल ३ टक्के कसर लावली होती, म्हणजे पुढची वर्षे आजच्यापेक्षा कमी मोलाची धरली होती. २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या २०१० च्या आवृत्तीत वयाचे हे मोल आणि ही कसर, दोन्ही काढून टाकली आणि स्त्री-पुरुष दोघांसाठी जन्मवेळचे अपेक्षित आयुष्य ८६ वर्षे धरले. एका तान्ह्या बाळाच्या मृत्यूची किंमत या एका निर्णयाने हिशोबात कितीतरी वाढली. त्या बाळाच्या घरी अर्थातच काहीच बदलले नाही.

आजाराच्या तीव्रतेचे गुणक हा तर याहून नाजूक भाग आहे. शून्य म्हणजे पूर्ण आरोग्य आणि एक म्हणजे मृत्यूसमान अवस्था, अशा मापपट्टीवर प्रत्येक दुखण्याला एक आकडा दिलेला आहे. सौम्य रक्तक्षयाला ०.००४, संपूर्ण अंधत्वाला ०.१८७, तीव्र अवस्थेतील स्किझोफ्रेनियाला ०.७७८. म्हणजे सौम्य रक्तक्षय असलेल्या हजार स्त्रियांचे एक वर्ष मिळून चार वर्षांचा भार, आणि हजार अंध व्यक्तींचे एक वर्ष मिळून १८७ वर्षांचा. हे आकडे २०१० च्या आवृत्तीसाठी लोकांना विचारून काढायला सुरुवात झाली. बांगलादेश, इंडोनेशिया, पेरू, टांझानिया आणि अमेरिका या पाच देशांतील १३,९०२ जणांना, शिवाय इंटरनेटवरून आणखी १६,३२८ जणांना, दोन काल्पनिक व्यक्तींची वर्णने ऐकवून ‘यांतली अधिक निरोगी कोण?’ असे विचारले गेले. घरोघरच्या पाहणीत भारत नव्हता. हे गुणक सगळ्या जगाला एकच लावले जातात. मेळघाटातील अंध बाईला आणि सिएटलमधील अंध बाईला भार सारखाच. न्यायाच्या दृष्टीने ते समर्थनीय आहे असे या मापाचे पुरस्कर्ते म्हणतात आणि मला ते पटते. पण ज्या गावात पाणवठ्यापर्यंत वाट काढत जावे लागते, त्या गावात आंधळेपणाचा काच अधिक असतो, हे या मापाला दिसत नाही, एवढे तरी त्याने कबूल करावे.

असे असूनही या मापाने जे साधले ते दुसऱ्या कशाने साधले नसते. केवळ मृत्यू मोजले तर नैराश्य, कंबरदुखी, बहिरेपणा, रक्तक्षय यांना यादीत जागाच मिळत नाही, कारण त्यांच्यामुळे माणूस सहसा मरत नाही. १९९० सालच्या पहिल्याच हिशोबात नैराश्य जगातील रोगभारात चौथ्या क्रमांकावर आले आणि मनोविकारांना आरोग्यधोरणाच्या चर्चेत बसायला खुर्ची मिळाली. २०२० मध्ये जगात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती आणि अपंगत्वाचे ते सर्वांत मोठे कारण होते, हेही याच अभ्यासातून पुढे आले. मृत्यूंवरून दट्ट्या ‘अपंगत्वासह जगलेली वर्षे’ या मापाकडे वळवला की पडद्यावरचे चित्र क्षणात पालटते आणि ज्या दुखण्यांना आपण ‘चालायचेच’ म्हणून सोडून देतो ती मोठ्या चौकोनांत येऊन बसतात. या संकेतस्थळावर एकच गोष्ट करून पाहायची असेल, तर ही करावी.

आता मुख्य प्रश्नाकडे येते. हे आकडे येतात कोठून? युरोपातील बऱ्याच देशांत जवळजवळ प्रत्येक मृत्यूची नोंद कारणासह होते. आपल्याकडे तसे नाही. २०२० मध्ये भारतात नोंदलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्के मृत्यूंनाच डॉक्टरने प्रमाणित केलेले कारण होते. राज्याराज्यांत फरक मोठा आहे आणि गोवा या बाबतीत देशात आघाडीवर आहे. प्रमाणित केलेल्या कारणाचा दर्जा हा त्यापुढचा प्रश्न. रुग्णालयातील मृत्यूसाठी भरायचा ‘नमुना ४’ ज्याने पाहिला आहे त्याला ठाऊक असेल की त्यात पहिल्या भागात अ, ब, क अशा ओळी असतात. सर्वांत वर मृत्यूचे तात्काळ कारण, त्याखाली ते ज्यामुळे उद्भवले ते आणि सर्वांत खाली मूळ कारण लिहायचे असते. शेजारच्या रकान्यात प्रत्येकाचा कालावधी. एका रुग्णालयातील जुने नमुने तपासण्याची वेळ माझ्यावर आली होती. गठ्ठ्यातील कितीतरी कागदांवर पहिल्या ओळीत ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ एवढेच लिहिलेले होते, खालच्या दोन ओळी कोऱ्या होत्या आणि कालावधीच्या रकान्यात आडवी रेघ मारली होती. हृदय व श्वास थांबणे म्हणजेच मृत्यू. त्यामुळे माणूस मृत्यूने मेला, एवढीच माहिती त्या कागदावर होती.

रोगभाराच्या भाषेत अशा नोंदींना ‘गार्बेज कोड’ म्हणतात, शब्दशः कचरा. वृद्धापकाळ, हृदयक्रिया बंद पडणे, सेप्सिस, कारण अज्ञात, हे सगळे त्यात मोडते. आपल्या निधनवार्तांमधील ‘अल्पशा आजाराने’ हा त्याचाच मराठी अवतार. आयएचएमई हा कचरा फेकून देत नाही. वय, लिंग आणि स्थळ पाहून तो संभाव्य मूळ कारणांमध्ये वाटून टाकते. हृदयक्रिया बंद पडल्याच्या नोंदींपैकी काही हृदयधमनीच्या विकाराकडे, काही हृदयाच्या स्नायूंच्या विकाराकडे, अशी ती वाटणी होते. त्यानंतर अनेक संख्याशास्त्रीय प्रतिमाने (मॉडेल्स) एकत्र चालवून, ज्या ठिकाणची माहिती नाही तेथे शेजारच्या प्रदेशांवरून आणि उत्पन्न, शिक्षण, जननदर यांवरून अदमास बांधला जातो. हे सगळे अत्यंत कसबाने केले जाते आणि त्याची पद्धत उघडपणे मांडलेली असते. परंतु पडद्यावर शेवटी दिसतो तो एक स्वच्छ, सरळ कडांचा चौकोन. डेन्मार्कचा चौकोन आणि झारखंडचा चौकोन दिसायला सारखेच असतात. पहिल्यात मोजदाद जास्त आहे आणि दुसऱ्यात अदमास जास्त आहे, हे त्यांच्या रंगावरून किंवा कडांवरून कळत नाही. चौकोनावर माऊस नेला की आकड्याबरोबर अनिश्चिततेची खालची-वरची मर्यादा दिसते, हे खरे. पण माऊस नेतो कोण? माझ्या मते या साधनातील सर्वांत मोठी उणीव ही आहे. ज्या चौकोनात माहिती तुटपुंजी आहे त्याच्या कडा तुटक रेघेने काढल्या असत्या, तरी पाहणाऱ्याला न बोलता इशारा मिळाला असता.

अदमास म्हणजे खोटेपणा, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. भारतातील आत्महत्यांचे उदाहरण घ्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या हिशोबाने २०१६ मध्ये देशात १,३१,००८ आत्महत्या झाल्या. रोगभार अभ्यासाचा त्याच वर्षाचा अंदाज २,३०,३१४ होता आणि जगातील स्त्रियांच्या आत्महत्यांपैकी ३६.६ टक्के एकट्या भारतात होतात असेही त्यात निघाले. पहिला आकडा पोलिसांच्या दप्तरातून आलेला. आत्महत्येचा प्रयत्न तेव्हा भारतीय दंडविधानाच्या ३०९ व्या कलमाखाली गुन्हा होता, आणि सुनेने जाळून घेतले की ‘स्टोव्हचा भडका उडाला’ असे सांगण्याची घाई घराला का होते, हे वेगळे सांगायला नको. दुसरा आकडा बऱ्याच अंशी ‘मौखिक शवचिकित्से’वर उभा आहे. या पद्धतीत मृताच्या घरी प्रशिक्षित पाहणीकार जातो, घरच्यांशी बोलतो, त्यांनी सांगितलेली हकिगत स्थानिक भाषेत उतरवून घेतो आणि दोन डॉक्टर ती स्वतंत्रपणे वाचून कारण ठरवतात. प्रभात झा यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या महानिबंधक कार्यालयाबरोबर झालेल्या ‘दशलक्ष मृत्यू अभ्यासा’ने ही पद्धत देशभर राबवली. ‘जेवून उठले, छातीत कळ आली, घामाने सदरा भिजला, दवाखान्यात नेईतो गेले’ अशा चार ओळींमधून जे कळते, ते नमुना ४ वरील आडव्या रेघेतून कळत नाही. येथे अदमास नोंदीपेक्षा सत्याच्या जवळ आहे, असे मला निःसंकोच वाटते.

सर्पदंशाची गोष्टही अशीच, फक्त तिच्यात साधनाची एक अडचण भर घालते. २०१९ मध्ये जगात सर्पदंशाने सुमारे ६३,४०० माणसे मेली आणि त्यांपैकी ५१,१०० भारतात, असा या अभ्यासाचा अंदाज आहे. दशलक्ष मृत्यू अभ्यासाच्या आधारे काढलेली २००० ते २०१९ या काळाची वार्षिक सरासरी ५८,००० येते. वेगवेगळ्या वाटांनी निघालेले दोन हिशोब इतके जवळ येतात तेव्हा विश्वास वाढतो. परंतु फुरसे आणि घोणस यांच्याशी ज्याची रोजची गाठ आहे असा कोकणातील एखादा वैद्यकीय अधिकारी हे संकेतस्थळ उघडून ‘सर्पदंश’ शोधू लागला, तर त्याला तो स्वतंत्रपणे सापडत नाही. हिरव्या भागात ‘प्राण्यांशी संपर्क’ आणि त्याच्या पोटात ‘विषारी प्राण्यांशी संपर्क’ असा चौकोन आहे. साप, विंचू, गांधीलमाश्या सगळे त्यातच. ज्या दुखण्याचे चार-पंचमांश मृत्यू एका देशात होतात, त्याला सिएटलच्या वर्गीकरणात स्वतःचे नाव नसावे, याची खंत वाटते.

वर्गीकरणाचा दुसरा पेच ‘एका मृत्यूला एकच कारण’ या नियमात आहे. चौकोनांची बेरीज शंभर यायची तर हा नियम अटळ आहे. विदर्भातील आणि नंदुरबार भागातील आदिवासी कुटुंबांना ठाऊक असलेला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पाहा. या नियमाने २०२१ मध्ये जगात सिकलसेलचे ३४,४०० मृत्यू धरले जातात. पण न्यूमोनिया, पक्षाघात, बाळंतपणातील गुंतागुंत अशा इतर कारणांखाली गेलेले आणि मुळात सिकलसेल असलेले मृत्यू मिळवले, तर तो आकडा ३,७६,००० होतो. म्हणजे जवळजवळ अकरा पट. आयएचएमईच्याच संशोधकांनी हे २०२३ मध्ये दाखवून दिले, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची पावती. परंतु चौकोनांच्या चित्रात सिकलसेलला आजही तो लहान आकडाच लागू होतो आणि ते चित्र दाखवून कोणी ‘हा काही मोठा प्रश्न नाही’ असे म्हणाला तर त्याला थांबवणारे पडद्यावर काही नसते.

एकूण संख्या आणि दर यांतील फरकही असाच दुर्लक्षिला जातो. हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे जगातील मृत्यू १९९० मध्ये १.२१ कोटी होते, ते २०१९ मध्ये १.८६ कोटी झाले. ही वाढ पाहून घाबरून जाणाऱ्याने ‘वयानुसार प्रमाणित दर’ हा पर्याय निवडून पाहावा. तोच आलेख खाली उतरताना दिसेल. लोकसंख्या वाढली आणि लोक म्हातारे होईपर्यंत जगू लागले, म्हणून मृत्यूंची संख्या वाढली. एकाच वयाच्या दोन माणसांची तुलना केली तर धोका कमी झाला. दोन्ही विधाने खरी आहेत. रुग्णालयात किती खाटा लागतील हे पहिल्यावरून ठरते आणि उपचार सुधारले का हे दुसऱ्यावरून.

आवृत्त्यांचा घोळ हा पत्रकारांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगा भाग आहे. प्रत्येक नवी आवृत्ती १९९० पासूनची सगळी वर्षे नव्याने मांडते, त्यामुळे जुन्या लेखातील एक आकडा आणि नव्या आवृत्तीतील दुसरा आकडा शेजारी ठेवून ‘वाढ’ किंवा ‘घट’ सांगणे चुकीचे आहे. हा फरक किती विचित्र असू शकतो याचे गाजलेले उदाहरण तांबड्या मांसाचे. २०१७ च्या आवृत्तीत तांबडे मांस खाल्ल्यामुळे जगात सुमारे २५,००० मृत्यू धरले होते. २०१९ च्या आवृत्तीत ते ८,९६,००० झाले, म्हणजे छत्तीस पट. दोन वर्षांत जगाने छत्तीस पट मटण खाल्ले नव्हते. ‘सर्वांत कमी धोक्याचे प्रमाण’ शून्य धरण्याचा, म्हणजे थोडेसेही मांस धोक्याचे मानण्याचा, निर्णय झाला होता. इतर संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्येच त्याचा पुरावा मागितला. पुढे २०२२ मध्ये आयएचएमईने पुराव्याच्या बळाला तारे देण्याची नवी पद्धत आणली आणि तीत प्रक्रिया न केलेल्या तांबड्या मांसाचा संबंध दुबळा ठरला. मद्याच्या बाबतीतही असेच : २०१८ मध्ये ‘सुरक्षित असे प्रमाणच नाही’ आणि २०२२ मध्ये ‘वय आणि प्रदेश पाहून सांगावे लागेल’. शास्त्राने मत बदलणे हे जिवंतपणाचे लक्षण आहे, पण पहिल्या मताचे मथळे जितके मोठे झाले तितके दुसऱ्याचे झाले नाहीत.

कोविडच्या काळात हा सगळा वाद घरापर्यंत आला. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जगात महासाथीमुळे १.८२ कोटी जादा मृत्यू (एरवी झाले असते त्यांहून अधिक) झाले असे आयएचएमईने मार्च २०२२ मध्ये म्हटले. पुढच्या आवृत्तीत तोच आकडा १.५९ कोटी झाला. भारतासाठी आयएचएमईचा पहिला अंदाज सुमारे ४१ लाखांचा होता आणि जागतिक आरोग्य संघटनेचा ४७ लाखांचा, तर २०२१ अखेर सरकारी नोंद ४.८१ लाखांची. भारत सरकारने आरोग्य संघटनेच्या प्रतिमानावर जाहीर हरकत घेतली. नागरी नोंदणीचे २०२१ सालचे आकडे प्रसिद्ध व्हायला २०२५ साल उजाडले. त्यांत देशभरात १ कोटी २ लाख मृत्यूंची नोंद निघाली. आदल्या वर्षी ती ८१ लाख होती. या वाढीत नोंदणी सुधारल्याचाही काही भाग असणार. तरीही परक्याच्या प्रतिमानावर हरकत घेण्याचा सर्वांत भक्कम मार्ग म्हणजे स्वतःची मोजणी वेळेवर पुढे ठेवणे, आणि आपण ती चार वर्षे ठेवू शकलो नाही.

मक्तेदारीविषयी दोन शब्द. या संस्थेमागे प्रामुख्याने गेट्स फाउंडेशनचा पैसा आहे. २०१७ मध्ये एकाच वेळी २७.९ कोटी डॉलरचे अनुदान जाहीर झाले. जागतिक आरोग्य संघटना आपले स्वतंत्र अंदाज प्रसिद्ध करते आणि दोघांचे आकडे नेहमी जुळतात असे नाही. २०१० सालच्या मलेरियाच्या मृत्यूंचा संघटनेचा आकडा ६.५५ लाख होता, तर आयएचएमईचा १२.४ लाख. म्हणून महत्त्वाच्या कामासाठी आकडा घेताना मी दोन्ही ठिकाणी पाहते आणि तफावत मोठी असेल तर एकही न वापरता ती तफावतच लिहिते. जीबीडीच्या ‘सोर्सेस’ या विभागात एखाद्या आजारासाठी आणि प्रदेशासाठी कोणकोणती मूळ माहिती वापरली हे पाहता येते. तो विभाग दिसायला रुक्ष आहे, रंगीत चौकोन तेथे नाहीत, आणि मला तोच सर्वांत उपयोगाचा वाटतो.

विद्यार्थी, अभ्यासक आणि आरोग्यविषयक लेखन करणारे यांना मी हे साधन बिनदिक्कत सुचवते आणि पाचपैकी चार तारे देते. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला स्वतःच्या जिल्ह्याचे नियोजन यावरून करू नका, असे सांगते.

वर्गात मी याचा एक सराव घेते. आधी चौकोन दाखवते, मग नमुना ४ ची कोरी प्रत वाटते आणि फळ्यावर एक काल्पनिक रुग्ण लिहिते : बासष्ट वर्षांचे गृहस्थ, पंधरा वर्षांचा मधुमेह, पायाची न भरणारी जखम, ती चिघळून रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, सहाव्या दिवशी मृत्यू. दरवर्षी निम्म्याहून अधिक मुले पहिल्या ओळीत ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहितात आणि बरीचशी तेथेच थांबतात. मग मी भारताच्या निळ्या भागातील मधुमेहाचा चौकोन मोठा करून विचारते की तुम्ही आत्ता भरलेला कागद यात कोठे गेला असता. मागच्या वर्षी शेवटच्या बाकावरून एकाने शांतपणे सांगितले, “मॅडम, ते सिएटलला विचारावे लागेल.”